नागुबाईचं आवतण

एसटीत जन्म काढलेल्या कंडक्टरनं निवृत्तीनंतर हॉटेलच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मी पडलोच नाही. मला ओढलं. हॉटेल काढलं माझ्या मुलीनं, लुंबिनीनं, आणि तेही माझ्याच शेतात. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलची नोकरी सोडून ती बॅगा घेऊन परत आली, तेव्हा मी तिला विचारलं होतं, "अगं, ह्या आडरानात जेवायला येणार कोण?"

"लातूरहून येतील, पप्पा. नांदेडहून येतील."

आले की! ह्या घरात माझं एकही म्हणणं खरं ठरत नाही, ते तेवढं कसं ठरेल?

अहमदपूर-उदगीर रस्त्यावरून आत वळलं की आमचं शेत लागतं. कडुलिंबाच्या मोठ्या झाडाजवळ पत्र्याची शेड, शेडखाली टेबलं-खुर्च्या, बाजूला चुलींचं स्वयंपाकघर. ते स्वयंपाकघर माझ्या बायकोच्या, महामायाच्या ताब्यात. मेनूकार्ड वगैरे नाही. सकाळी लुंबिनी शेतातून चक्कर मारते, जे तोडण्याजोगं असेल ते तोडते आणि फळ्यावर खडूनं लिहिते. कधी वांगी, कधी अंबाडी, कधी करडईची भाजी. जे शेतात नाही ते ताटात नाही. खरं तर महामायाच्या हातच्या मटणाला पंचक्रोशीत तोड नाही, पण बकरं काही वाफ्यात उगवत नाही, त्यामुळे हॉटेल शाकाहारी.

एकदा लातूरच्या एका साहेबांनी पनीर मागितलं. मी म्हणालो, "पनीरचं झाड लावलंय साहेब, अजून फळ धरलं नाही." साहेब हसले, पण लुंबिनीनं मला बाजूला घेतलं आणि त्या दिवसापासून माझ्याकडं फक्त गर्दी सांभाळायचं काम दिलं. ते मला जमतं. रविवारी दारात माणसं उभी राहिली की 'चला, आत सरका, आत जागा आहे' माझ्या तोंडून आपोआप निघतं. लातूरच्या क्लासची पोरं आणि त्यांना भेटायला आलेले आईबाप, नांदेडचे डॉक्टर, बँकेत बदलून आलेले साहेब लोक, सगळे मुकाट्यानं सरकतात. गाडीत असे सरकले असते तर माझं रक्त एवढं आटलं नसतं.

ह्या सगळ्यांवर देखरेख माझ्या आईची. नागुबाई तिचं नाव. ऐंशी कधीच ओलांडलीय. लिंबाखालच्या बाजेवर बसून ती दिवसभर शेंगा सोलते आणि जेवून निघालेल्या प्रत्येकाला अडवते.

"पोट भरलं का?"

एकदा एक इंजिनिअर म्हणाला, "एकदम मस्त होतं आजी."

"मस्त असू दे. भरलं का?"

'हो, भरलं' असं स्पष्ट ऐकल्याशिवाय ती कोणाला गाडीपर्यंत जाऊ देत नाही. लोक इंटरनेटवर जेवणापेक्षा तिच्याबद्दलच जास्त लिहितात, असं लुंबिनी सांगते.

हॉटेलच्या नावावरून मात्र आजी-नातीचं पहिल्या दिवशीच वाजलं होतं. लुंबिनीनं नाव ठेवलं 'बांधावर'. आईनं ते मला वाचायला लावलं आणि म्हणाली, "बांधावर कशाला बसवतीस लोकांला? मधी बसव की, वावरात."

लुंबिनी हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय. मी हसलो नाही, कारण मला माहीत होतं.

आमच्याकडं लातूर-नांदेडच्या पट्ट्यात वेळ अमावस्या असते. मार्गशीर्षात, ज्वारी पोटरीला आलेली असते तेव्हा. त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळी दुनिया रानात जेवायला जाते. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभी करतात, पूजा करतात आणि मग मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, खिचडी, गव्हाची खीर, मडकंभर आंबील. ज्याला शेत नाही त्यानं फक्त रस्त्यानं चालत राहावं. प्रत्येक वावरातून हाक येते, 'या जेवायला!' त्या दिवशी उपाशी राहायचं म्हटलं तरी जमत नाही. एवढी सुंदर रीत साऱ्या मुलखात नसेल, आणि मी हे रागात असतानाही म्हणतो.

पण आईच्या तरुणपणी ही हाक सगळ्यांना सारख्या आवाजात येत नव्हती. ती तेव्हा शेजारच्या रानात मजुरीला जायची. त्या दिवशी मालकाच्या कोपीजवळ गाव जेवायचं आणि आमची माणसं बांधावर बसायची. मालकीणबाई तिथं येऊन वाढायच्या. आंबिलीची पळी उंच धरायची, म्हणजे भांड्याला भांडं लागत नाही. वरून धार जेवढी पडेल तेवढी आपली. परत मागायची पद्धत नव्हती. आई आजही, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेकडं, एकदा वाढलेलं संपलं की हात धुते. परत मागत नाही. महामायानं सुरुवातीला फार मनाला लावून घेतलं होतं, आपल्या हाताला चव नाही म्हणून.

ते शेजारचं रान गुरुबसप्पांच्या वडलांचं. आता गुरुबसप्पांचं. आणि ते वाढणारे हात होते गुरुबसप्पांच्याच बायकोचे, तेव्हा नव्यानंच देवणीकडून लग्न होऊन आलेल्या मल्लम्मांचे. पुढं माझ्या वडलांनी, व्यंकटरावांनी, रस्त्याच्या कामावर राबून त्याच रानाला लागून असलेला हा खडकाळ तुकडा घेतला आणि दगड वेचून वेचून त्याचं शेत केलं. तेव्हापासून आमची दोन्ही घरं बांधाची शेजारी.

शेजारी म्हणून गुरुबसप्पा लाख माणूस. हॉटेल सुरू झालं त्याच उन्हाळ्यात आमची बोअर आटली. लुंबिनीचं तोंड एवढंसं झालं होतं. गुरुबसप्पांनी न विचारता, न सांगता त्यांच्या विहिरीवरून पाइप ओढून आमच्या वांग्यांत सोडला. पाऊस पडेपर्यंत पाणी दिलं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "पाण्याचे काय आभार मानतोस रे? शेजार कशासाठी असतो?"

मी लगेच म्हणालो, "मग आप्पा, चला, जेवायलाच चला."

"आत्ताच जेवून आलो बग."

हे त्यांचं ठरलेलं. सकाळी बोलवा, दुपारी बोलवा, चहाला बोलवा. 'आत्ताच जेवून आलो.' त्यांच्या पाण्यावर जगलेली वांगी नांदेडचे डॉक्टर बोटं चाटत खात होते, आणि ज्यानं पाणी दिलं तो माणूस बांधापलीकडून हात हलवून निघून जायचा. गावातले बाकीचेही तसेच. कोणी वाईट बोलत नव्हतं. लुंबिनीचं कौतुक करायचे, हॉटेलसमोर उभं राहून फोटो काढायचे. फक्त सगळे नेहमी आत्ताच जेवलेले असायचे. आईला हे दिसत होतं. गावातलं कोणी समोरून गेलं की तिचे शेंगा सोलणारे हात थांबायचे.

गेल्या वर्षी लुंबिनीनं ठरवलं की वेळ अमावस्येला हॉटेल उघडं ठेवायचं. शहरात बदलून आलेल्या, ज्यांना इथं ना शेत ना नातेवाईक, अशा लोकांसाठी खास जेवण. मी म्हणालो, "त्या दिवशी कोणी हॉटेलात जेवत नसतं." चार दिवसांत सगळ्या जागा भरल्या. माझं म्हणणं, नेहमीप्रमाणे.

आईनं विचारलं, "अमावशेला आपल्या वावरात लोक जेवाया येणार हायत?"

"हो आजी, भरपूर," लुंबिनी म्हणाली.

"आपल्या वावरात?"

"अगं हो!"

आम्ही पूजा करत नाही. छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून ते आमच्या घरात बंद आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण भज्जीशी आमचं कधी भांडण नव्हतं, आणि दरवर्षी घरचे सगळे भाऊबंदांसोबत रानात जेवतातच. म्हणून आईच्या त्या प्रश्नाचं मला तेव्हा काही वाटलं नाही. पुढचे दोन-तीन दिवस ती रोज सकाळी काठी टेकत गावात जायला लागली. "पाय मोकळे करून येते," म्हणायची. मी म्हटलं, बरं आहे, व्यायाम होतो.

अमावस्येच्या सकाळी चुली पेटल्या होत्या. मोठ्या पातेल्यात भज्जी शिजत होती: हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाल, चुका, कांद्याची पात, वर कालवलेलं बेसन. आई कडक इस्त्रीचं निळ्या काठाचं लुगडं नेसून चुलीपाशी आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "महामाया, एवढ्यानं काय होतंय? गावाला पुरायचं न्हाई."

"कोणत्या गावाला?" मी विचारलं.

"आपल्या. आवतण दिलंय म्या."

सगळे हात थांबले. आईला सगळं सरळ वाटत होतं. आपल्या वावरात अमावस्येचं जेवण आहे, लोक येणार आहेत, मग गावाला सांगायला नको? घरातली मोठी म्हणून तीच घरोघरी जाऊन सांगून आली होती. आणि सगळ्यांत आधी गेली होती गुरुबसप्पांच्या दारात.

"आई, हे हॉटेल आहे गं! जागा भरल्यात. त्या लोकांना वाढायचं की गावाला?" माझा आवाज चढला. माझा चढतोच, भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचायची सवय आहे त्याला.

"हाटेल उद्या. आज अमावशा हाय. आज कोणाला न्हाई म्हणायचं नसतंय, येवढं बी ठाव न्हाई तुला?"

"काय म्हणाले मग ते? गुरुबसप्पा?"

"ते न्हवते घरी. मालकीण होती. बघू म्हणली."

'बघू' म्हणजे काय ते मला कळत होतं आणि आईलाही कळत होतं. लुंबिनी मात्र कामाला लागली. तिनं एक वेगळं पातेलं काढलं, चुलीवर चढवलं आणि आजीला म्हणाली, "हे तुझ्या पाहुण्यांचं. ह्याला कोणी हात लावणार नाही." मग विळा घेऊन पुन्हा हरभऱ्यात गेली. माझ्या मुलीचा मला त्या घडीला फार अभिमान वाटला, पण मी तोंडानं म्हणालो, "विळा जपून."

दहानंतर गाड्या यायला लागल्या. काय सांगू, छान माणसं होती. नांदेडच्या बँकेतले एक साहेब बायको आणि सासूला घेऊन आले होते, मूळचे कुठले तरी ओडिशाकडचे. त्या सासूबाईंना आंबील इतकी आवडली की त्यांनी महामायाचा हात धरून काहीतरी बराच वेळ सांगितलं. भाषा कोणाला कळली नाही, पण महामायाचे डोळे भरून आले. मी 'आत सरका' करत होतो, उंडे वाढत होतो, पण लक्ष सारखं लिंबाखाली जात होतं.

आईनं बाज फिरवून घेतली होती. तोंड वाटेकडं. आज शेंगा नव्हत्या हातात, दोन्ही हात मांडीवर. शेजारी ते झाकलेलं पातेलं आणि आंबिलीचं मडकं.

"आई, थोडं खाऊन घे."

"पावणे येऊ दे."

बारा वाजून गेले. सकाळी मला भीती होती की गाव आलं तर जेवण पुरणार नाही. आता ती भीती कुठल्या कुठं गेली आणि दुसरीच आत शिरली. कोणीच आलं नाही तर? ही बाई आयुष्यात पहिल्यांदा गावाला जेवायला बोलावून बसलीय, आणि संध्याकाळी हे पातेलं असंच झाकलेलं उचलायची वेळ आली तर तिच्या तोंडाकडं मी कसा बघू? ऐंशी वर्षांत तिनं कोणाकडं काही मागितलं नव्हतं. आज मागितलं होतं ते एवढंच, की या आणि खा.

मला बसवेना. मी शेताच्या कडेनं चालत बांधापाशी गेलो. पलीकडं गुरुबसप्पांच्या रानात कोप उभी होती, पूजा झालेली दिसत होती, निम्म्या गावाची पंगत बसली होती, हसण्याचे आवाज येत होते. आपल्या मळ्यात बसून खात होते सगळे, आमच्याकडं पाठ करून, असं मला वाटलं. गुरुबसप्पांचं माझ्याकडं लक्ष गेलं. रीतीप्रमाणे त्यांनी तिथूनच हात वर केला आणि मोठ्यानं हाक दिली.

"या जेवायला, रविकांत! ये, ये!"

काय झालं मला कोणास ठाऊक. खरं म्हणजे ठाऊक आहे. डोकं फिरलं. मी त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडलो,

"आत्ताच जेवून आलो, आप्पा!"

पंगतीतली तोंडं माझ्याकडं वळली. त्यांचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. मी मागं वळलो आणि तरातरा निघालो. लिंबापर्यंत पोचेपर्यंत छातीत अगदी गार वाटत होतं. एवढ्या वर्षांचं उट्टं एका वाक्यात काढलं होतं मी.

आईनं ऐकलं होतं. माझा आवाज ऐकू न येण्यासारखा असता तर काय हवं होतं?

"अमावशेच्या दिशी हाक आली, अन् तू न्हाई म्हणलास?"

"ते म्हणतात ते चालतं?"

"त्ये त्येंच्या तोंडानं म्हणत्यात. तू माज्या लेकाच्या तोंडानं म्हणलास." ती काठी शोधायला लागली. "आता कोण येतंय? तूच वाट मोडलीस की."

छातीतला गारवा गेला. आईचं बरोबर होतं. येणारं कोणी असलंच तर त्याला मी बांधावरूनच परत पाठवलं होतं. मी तिथंच जमिनीवर बसलो. शेडखाली शहरातली माणसं तृप्त होऊन खीर खात होती, आणि त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती.

किती वेळ गेला कळलं नाही. लुंबिनी आली आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "पप्पा, बघा."

बांध ओलांडून माणसं येत होती. पुढं गुरुबसप्पा, पांढरं धोतर, कपाळाला ताजी विभूती. त्यांच्या मागं मल्लम्मा, डोक्यावर मडकं, आणि त्यांच्या मागं पंगतीतली सगळी मंडळी, कोणाच्या हातात टोपलं, कोणाच्या हातात पातेलं. उठायचं भान राहिलं नाही.

गुरुबसप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"लागलं बरं का मला तुझं बोलणं," ते म्हणाले. "अन्नाला बोलिवलं अन् तू असं तोंडावर हाणलास. लई लागलं. तर ही म्हणली," त्यांनी बायकोकडं मान वळवली, "ही म्हणली, एकदा ऐकलाव तर येवढं लागलं, तुमी त्येला किती येळा म्हणलाव?"

मी उठून कपड्यांची माती झटकली.

"अन् येणारच होतो आमी," मल्लम्मा मडकं उतरवत म्हणाल्या. "आधी आपल्या कोपीपशी जेवायचं, मंग दुसऱ्याच्या वावरात जायचं, अशी रीत हाय. तुला कसं ठाव असंल? अमावशेला तू सदा गाडीवर."

खरं होतं. नोकरीभर ह्या दिवशी मी रिकाम्या गाड्या घेऊन लातूर-नांदेड करत होतो. मात्र त्या खरंच येणारच होत्या, की माझं ओरडणं ऐकून निघाल्या, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

आई उठून उभी राहिली होती. काठी न घेता. "टेबलं सारा," ती लुंबिनीला म्हणाली. "मधी बसवा सगळ्यांला. वावरात."

ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या मधल्या मोकळ्या पट्टीत सतरंज्या पडल्या. गाव बसलं. नांदेडच्या साहेबांची सासू जेवून उठलेली, तीही परत येऊन बसली. गावानं आणलेल्या टोपल्यांतलं आमच्या ताटांत आलं, आमचं त्यांच्या. कोणाची खिचडी कोणती, कोणाचा उंडा कोणता, हे थोड्या वेळानं सांगता आलं नसतं. पण आईच्या पातेल्यातली भज्जी वाढायला तिनं कोणालाही हात लावू दिला नाही. वाकून वाकून ती स्वतः वाढत होती, आणि गुरुबसप्पा पहिला घास घेताना मी पाहिला. दुसरा घास मोठा घेतला.

मग आई आंबिलीचं मडकं काखेत धरून मल्लम्मांपुढं आली. मल्लम्मांनी वाटी पुढं केली. आईनं पळी भरली, आणि उंच धरली.

तिला कळलंच नाही. हाताची जन्माची सवय ती. धार सोडायला पळी वाकडी करणार, तेवढ्यात मल्लम्मांनी वाटी वर उचलली. वर, आणखी वर, थेट पळीला टेकेपर्यंत. पितळ स्टीलला लागल्याचा बारीकसा आवाज झाला. दोघी म्हाताऱ्या तशाच थांबल्या, पळी वाटीवर टेकलेली. मग आईनं हात खाली घेतला, वाटी खाली आली, आणि पळी न काढता तिनं काठोकाठ भरली. थोडी आंबील मल्लम्मांच्या बोटांवर सांडली. त्यांनी ती चाटली.

"मीठ बरूबर हाय," त्या म्हणाल्या.

"मल्लम्मा, पोट भरलं का?" आईनं विचारलं. आजवर ती त्यांना मालकीणच म्हणत आली होती.

"न्हाई भरलं. आजून घाल की."

माझे डोळे वाहायला लागले. महामायानं पदर पुढं केला, तो मी घेतला नाही, शर्टाच्या बाहीनंच पुसले. लोक मला विचारतात, त्यांचे आभार मानलेस का? कशाचे? माणसाच्या घरी माणूस जेवला, ह्याचे आभार मानायचे नसतात. ते फार आधी व्हायला हवं होतं आणि ते माझ्या वडलांच्या नशिबात नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. पण आईच्या डोळ्यांदेखत झालं, तिच्या वावरात झालं, तिच्याच आवतणानं झालं, ह्याबद्दल मला जे वाटतं त्याला दुसरा शब्द नाही. मी कृतज्ञ आहे. त्या मडक्याचा, त्या हरभऱ्याचा, पुण्याची नोकरी सोडून आलेल्या पोरीचा, गुरुबसप्पांच्या पाण्याचा आणि हो, मल्लम्मांच्या त्या वर उचललेल्या वाटीचाही मी ऋणी आहे. जा, म्हटलं एकदाचं.

ऊन कलल्यावर मंडळी पांगली. जाताना गुरुबसप्पा म्हणाले, "आता तू चल. खिचडी हाय अजून." पोट गच्च भरलं होतं, तरी गेलो. त्यांच्या कोपीजवळ बसून दोन घास खाल्ले आणि आलो.

परत आलो तर आई बाजेवर टेकली होती. लुगड्यावर भज्जीचे डाग पडले होते. मी तिच्याजवळ बसलो आणि जे ती सगळ्यांना विचारते, आणि तिला कधी कोणी विचारलं नाही, ते विचारलं.

"पोट भरलं का?"

तिनं लुगड्यावरचा एक डाग नखानं खरवडला.

"आरं, जेवले कुठं म्या अजून?"

सगळ्या गावाला जेवू घालण्यात ती स्वतः जेवायचीच राहून गेली होती आणि आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी धावलो. पातेल्याच्या तळाशी राहिलेली भज्जी, एक उंडा, मडक्यातली उरलेली आंबील. साऱ्या जन्मात मी कोणाला घरात वाढलेलं नाही. उंडा ताटाबाहेर पडला. आई खाऊ लागली. सावकाश, मन लावून, गावच्या रस्त्याकडं बघत. वाटी रिकामी झाली. आता ती हात धुणार म्हणून मी पाण्याचा तांब्या उचलला.

तिनं वाटी माझ्यासमोर धरली.

"आजून घाल," आई म्हणाली.